वाऱ्याचा सेन्सर: जागा, खांब, उत्तर दिशा आणि देखभाल

घरच्या हवामान केंद्रातला तापमानाचा सेन्सर सावलीत, हवेशीर जागी टांगला की बऱ्यापैकी खरा आकडा देतो. पावसाचं मापही सपाट आणि मोकळ्या जागी ठेवलं तर फारसं फसवत नाही. वाऱ्याचं तसं नाही. एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे दोन सेन्सर घ्या. एक गच्चीच्या कठड्यालगत बसवा आणि दुसरा त्याच गच्चीवर तीन मीटर उंच खांबावर. दोघांचे आकडे दीडपट-दुपटीने वेगळे येऊ शकतात, आणि तरीही दोन्ही सेन्सर चोख असू शकतात. प्रत्येकाने आपल्या जागेवरचा वारा मोजलेला असतो, एवढंच. घरगुती पातळीवर वाऱ्याचा आकडा यंत्राच्या दर्जापेक्षा यंत्राच्या जागेवर जास्त ठरतो. म्हणून महागडा संच घेऊन तो भिंतीला टेकवून बसवण्यापेक्षा साधा संच चांगल्या जागी बसवावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण जास्त लबाड आहे. हा सेन्सर बिघडतो तेव्हा सहसा बंद पडत नाही. तो हळूहळू कमी दाखवू लागतो. पडद्यावर आकडे हलत राहतात, त्यामुळे कोणाला शंका येत नाही, आणि वर्षभराच्या नोंदींमध्ये चूक मुरत जाते. बसवताना आणि नंतर सांभाळताना जी काळजी घ्यायची, ती मुख्यतः या दोन गोष्टींसाठी.

वाट्या, चुंबक आणि फेऱ्या

सगळ्यात जास्त दिसणारी रचना तीन वाट्यांची. उभ्या आसावर तीन आडव्या दांड्या आणि त्यांच्या टोकांना अर्धगोल वाट्या. वारा कुठूनही आला तरी एका बाजूच्या वाटीचा खोलगट भाग त्याच्या समोर येतो आणि दुसऱ्या बाजूच्या वाटीची फुगीर पाठ. खोलगट भागावर वाऱ्याचा रेटा पाठीवरच्या रेट्याच्या साधारण साडेतीन पट बसतो. या फरकामुळे वाट्या कायम एकाच दिशेने फिरतात आणि वारा कुठून आला याची त्यांना फिकीर नसते.

आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेचे थॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार वाट्यांचं असं यंत्र तयार केलं. वाट्या नेहमी वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतात, वाटी केवढी आणि दांडी किती लांब याने काही बिघडत नाही, अशी त्यांची समजूत होती. पुढच्या मोजमापांत ती टिकली नाही. हे प्रमाण वाटीच्या आणि दांडीच्या मापांवर अवलंबून असतं. कॅनडाचे जॉन पॅटरसन यांनी १९२६ मध्ये तीन वाट्यांची रचना आणली आणि आज घराघरांत तीच दिसते. या इतिहासातून कामाची गोष्ट एक: एक वाटी तुटली म्हणून दुसऱ्या संचाची वाट्यांची जोडणी चढवली, तर ती फिरेल झकास, पण आकडा चुकीचा येईल. सुटा भाग त्याच मॉडेलचा हवा.

वाट्या फिरल्या की आसावर बसवलेला छोटा लोहचुंबकही फिरतो. त्याच्या बाजूला रीड स्विच असतो: काचेची बारीक नळी आणि तिच्यात जेमतेम अंतर ठेवून बसवलेल्या दोन लवचीक धातूच्या पट्ट्या. चुंबक जवळून गेला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, लांब गेला की सुटतात. प्रत्येक चिकटण्याची एक पल्स. आतली इलेक्ट्रॉनिक्स त्या पल्स मोजते आणि ठरलेल्या आकड्याने गुणते. घरगुती संचांमध्ये सर्रास सापडणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरमध्ये सेकंदाला एक पल्स म्हणजे ताशी २.४ किलोमीटर वारा. बस, एवढंच गणित आहे. सेन्सरला फक्त फेऱ्या कळतात. फेरी का कमी झाली, वारा पडला म्हणून की आस घासतोय म्हणून, हे त्याला कळायला मार्ग नाही. देखभालीबद्दल पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळ इथे आहे.

दिशा दाखवणारा बाण बऱ्याच संचांत अशाच रीड स्विचवर चालतो. गोलाकार आठ स्विच, प्रत्येकाला वेगळ्या मूल्याचा रेझिस्टर (विजेचा प्रवाह अडवणारा छोटा भाग). बाणाखालचा चुंबक एका स्विचवर असेल तर एक दिशा, दोन स्विचच्या मध्ये असेल तर दोन्ही एकदम लागतात आणि मधली दिशा मिळते. आठ स्विचमधून अशा १६ दिशा निघतात, प्रत्येक २२.५ अंशांची. काही संचांत त्याऐवजी फिरता रेझिस्टर किंवा चुंबकीय चिप असते आणि दिशा अंशांत मिळते.

तिसरा प्रकार अल्ट्रासोनिक, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर चालणारा. त्यात हलणारा भागच नाही. ध्वनी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या समोरासमोरच्या डोळ्यांतून स्पंदनं जातात आणि वारा त्यांना किती पुढे ढकलतो किंवा मागे ओढतो, यावरून वेग आणि दिशा दोन्ही काढतात. बेअरिंग नाही, त्यामुळे झीज नाही. पण डोळ्यांवर पाण्याचा थेंब अडकला, पक्षी येऊन बसला किंवा कोळ्याने जाळं विणलं की आकडे भलतीकडे उड्या मारतात. जिथे हात सहज पोचत नाही तिथे हा प्रकार सोयीचा. मात्र तो बसवला म्हणजे देखभाल संपली असं मानू नये.

जागा

जागतिक हवामान संघटनेची अपेक्षा अशी: वाऱ्याचा सेन्सर मोकळ्या मैदानात जमिनीपासून १० मीटर उंच असावा आणि जवळच्या कोणत्याही अडथळ्यापासून त्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान दहापट लांब. म्हणजे आठ मीटरचं झाड असेल तर ८० मीटर दूर. घराभोवती हे बहुतेकांना शक्य नाही. तरी नियम माहीत असावा, कारण आपण त्याच्यापासून किती दूर आहोत हे त्यावरूनच कळतं.

दहापट का? नदीत मोठा दगड असेल तर त्याच्या मागे पाणी भोवरे करतं, उलटं फिरतं आणि बरंच पुढे गेल्यावर पुन्हा सरळ वाहू लागतं. घराच्या, झाडाच्या, पाण्याच्या टाकीच्या मागे हवेचं हेच होतं. त्या भोवऱ्यांत सेन्सर असेल तर बाण सतत गरगरतो, सरासरी वेग कमी येतो आणि मधूनच एखादा झोत भलताच मोठा दिसतो. घरावरून जाणाऱ्या वाऱ्याचा दुसराही एक त्रास आहे. भिंतीवर आपटून वर चढणारा वारा छपराच्या कडेला चेपला जातो आणि तिथे त्याचा वेग वाढतो. म्हणून गच्चीचा कठडा ही सर्वांत मोहक आणि सर्वांत वाईट जागा. तिथे बसवायला सोपं, पण वारा एका बाजूने आला की जास्त दाखवतो आणि दुसऱ्या बाजूने आला की भोवऱ्यात सापडतो. सपाट गच्ची असेल तर मध्याकडे सरका. उतरतं छप्पर असेल तर सर्वांत उंच कण्याच्या वर निदान दोन-तीन मीटर जाईल असा खांब उभारा. अंगणात जागा असेल तर घराला आणि झाडांना शक्य तेवढं लांब सोडून उंच खांब रोवणं उत्तम.

उंचीचा फरक किती पडतो? खुरटं गवत असलेल्या मोकळ्या मैदानात दोन मीटरवरचा वारा दहा मीटरवरच्या वाऱ्याच्या साधारण ७२ टक्के असतो आणि पाच मीटरवरचा सुमारे ८८ टक्के. जमिनीशी घासल्याने खालची हवा मंदावते, वर जावं तसा हा परिणाम कमी होतो. दाट वस्तीत हे हिशेब चालत नाहीत. तिथे छपरांच्या पातळीखाली वारा गल्लीबोळांतून वाट काढत जातो आणि कुठल्याही सूत्राने त्याला दहा मीटरवर नेता येत नाही. माझा सल्ला: दुरुस्तीचा गुणक लावून आकडा फुगवू नका. उंची लिहून ठेवा आणि जो आकडा येतो तो तसाच राहू द्या.

सगळे सेन्सर एकाच डोक्यावर असलेले संच घेतलेल्यांपुढे खरा पेच उभा राहतो. वाऱ्याला उंची हवी. तापमानाला जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरची उंची हवी, तापलेल्या छपरापासून लांब. पावसाच्या मापाला तर वारा जितका कमी तितकं बरं, कारण जोराच्या वाऱ्यात थेंब मापावरून तिरपे निघून जातात आणि पाऊस कमी भरतो. तिघांना एकाच खांबावर खूश करता येत नाही. घ्यायच्या आधीच विचार करणार असाल, तर वाऱ्याचा सेन्सर वेगळा करता येईल असा संच घ्या. एकत्र संच आधीच घरी असेल, तर आपल्याला कोणता आकडा जास्त हवा ते ठरवा आणि त्याप्रमाणे उंची निवडा. मधली उंची निवडली तर तिन्ही आकडे थोडे थोडे चुकतात.

खांब

खांब सरळ हवा आणि तो थरथरता कामा नये. सरळ म्हणजे पाणसळ लावून दोन काटकोनी बाजूंनी तपासलेला. डोळ्याला सरळ दिसणारा खांब तीन-चार अंश सहज कललेला असतो. कललेल्या आसावर वाट्यांचा भार बेअरिंगच्या एका बाजूला येतो आणि दिशेचा बाण मंद वाऱ्यात आपल्याच वजनाने खालच्या बाजूला जाऊन बसतो. पहाटे वारा पडलेला असताना दिशा रोज एकच दिसत असेल, तर पाणसळ काढायची वेळ झाली.

थरथर हा आणखी गमतीचा विषय. पावसाच्या मापात आत तराजूसारखं उलटणारं छोटं भांडं असतं, प्रत्येक उलटण्याला एक नोंद. एकत्र संच बारीक पाइपवर असेल तर सोसाट्याच्या वाऱ्यात पाइप हलतो, भांडं उलटतं आणि कोरड्या दिवशी पाऊस नोंदला जातो. अशा वेळी दोष पावसाच्या मापात नसतो. जाड पाइप, दोन क्लॅम्प किमान अर्धा मीटर अंतरावर, आणि उंची जास्त असेल तर तीन बाजूंनी समान कोनात ताणाच्या तारा, एवढं केलं की हे थांबतं. तारा सेन्सरच्या खाली बांधा, म्हणजे वाट्यांसमोर येत नाहीत. क्लॅम्पचे नट पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर पुन्हा आवळावे लागतात, कारण पाइप आणि रबर तोवर जागेवर बसलेले असतात.

आणि खांब खाली घेता आला पाहिजे. तळाशी बिजागरीसारखा एक बोल्ट आणि थोडा वर दुसरा. वरचा काढला की खांब आडवा. ही सोय आज अर्धा दिवस जास्त खाते, पण पुढची सगळी वर्षं सेन्सर पुसायला शिडीवर चढावं लागत नाही. ज्या सेन्सरपर्यंत पोचणं जिवावरचं असतं, तो कोणीही साफ करत नाही.

सुरक्षेबाबत आडवळणाने बोलण्यात अर्थ नाही. खांब उभा करताना कुठल्याही दिशेला पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर सोडा. एकट्याने चढू नका. वारा वाहत असताना, छप्पर ओलं असताना, आभाळ गडगडत असताना तर अजिबात नको. सेन्सर बिनतारी असला तरी उंच धातूचा खांब विजेला खुणावतोच. त्याचं आर्थिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. इमारतीवर पडणारी वीज जमिनीत नेणारा दांडा असेल तर खांब त्याच्यापेक्षा उंच जाऊ देऊ नका.

उत्तर नेमकी कुठे

सेन्सरच्या अंगावर एक खूण असते, बहुधा उत्तरेची. ती खूण खऱ्या उत्तरेकडे करायची. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं आणि या दोन्हींतला फरक जगात ठिकठिकाणी वेगळा असतो. काही भागांत तो एखादा अंश, तर काही भागांत दहा अंशांहून जास्त. त्यात मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी खांबाजवळ नेलं की काहीही सांगतं. खांबापासून चार-पाच पावलं दूर उभं राहून दिशा घ्या.

त्याहून खात्रीचे मार्ग आहेत. उपग्रहाच्या नकाशावर आपला खांब आणि लांबची ओळखीची खूण, उदाहरणार्थ एखादा मनोरा, यांच्यातली रेघ बघा आणि तिचा उत्तरेशी कोन मोजा. त्या मनोऱ्याकडे बघून सेन्सर तेवढा फिरवला की झालं. किंवा ओळंबा टांगा आणि दोरीची सावली बघा. त्या दिवशीचा सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मध्यावर ही सावली उत्तर-दक्षिण रेषेवर पडते. घड्याळातले बारा आणि हा मध्य एक नसतात, म्हणून वेळ काढूनच बघा. उष्णकटिबंधात वर्षातल्या काही महिन्यांत सावलीचं टोक उत्तरेला असतं आणि काही महिन्यांत दक्षिणेला, पण रेषा तीच राहते. सूर्य अगदी डोक्यावर येतो त्या एक-दोन दिवसांपुरती ही युक्ती बाजूला ठेवा. उत्तर गोलार्धात रात्री ध्रुवतारा दिसत असेल तर आणखी सोपं, तो खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्याही आत असतो.

फार चोखंदळपणा मात्र नको. १६ दिशा दाखवणाऱ्या बाणाला पाच अंशांची चूक जाणवतही नाही. वीस अंशांची चूक झाली तर मात्र बरेचदा शेजारची दिशा दाखवली जाते. सौरपट्टी असलेल्या संचात पट्टी विषुववृत्ताच्या दिशेला हवी, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे. दक्षिण गोलार्धात राहणाऱ्यांनी संच उलटा फिरवला, तर कन्सोलमध्ये (घरात ठेवायच्या पडद्याच्या पेटीत) गोलार्धाची किंवा दिशेच्या दुरुस्तीची सेटिंग बदलायला विसरू नये. ती विसरली की प्रत्येक दिशा बरोबर १८० अंशांनी उलटी येते. आणि बाण वाऱ्याच्या उगमाकडे तोंड करतो. पडद्यावर पश्चिम दिसलं तर वारा पश्चिमेकडून येतोय.

बिनतारी भाग

हे संच देशोदेशीच्या नियमांप्रमाणे ४३३, ८६८ किंवा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. खोक्यावर शंभर मीटरचा पल्ला लिहिलेला असतो, तो मधे काहीही नसतानाचा. एक लोखंडी जाळीचा स्लॅब किंवा पत्र्याचं छप्पर त्यातला मोठा हिस्सा गिळतं. म्हणून खांबावर चढवण्याआधी सेन्सर ठरलेल्या जागेजवळ नुसता ठेवून एक-दोन दिवस कन्सोलवर सिग्नल तुटतो का ते बघा. कन्सोल टीव्ही, संगणक आणि मोबाइलच्या चार्जरपासून दीड-दोन मीटर दूर ठेवा. धातूच्या कपाटावर किंवा फ्रिजवर नको.

सेन्सर सतत पाठवत नाही. काही संच अडीच सेकंदांनी, काही १६ सेकंदांनी, काही त्याहून सावकाश. पल्स मोजणं मात्र मधल्या वेळातही चालू असतं आणि त्या अवधीतला सर्वांत मोठा झोत पुढच्या संदेशात जातो. म्हणजे एखादा संदेश हरवला तर त्यातला झोतही हरवला. वादळी रात्रीचा सर्वोच्च आकडा अशा वेळीच निसटू शकतो, म्हणून कमकुवत सिग्नल 'चालून जातंय' म्हणून सोडू नये.

बॅटरीबद्दल दोनच गोष्टी. गोठणाऱ्या थंडीत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या मान टाकतात, तिथे रिचार्ज न होणाऱ्या लिथियम बॅटऱ्या टिकतात. आणि रिचार्ज होणाऱ्या १.२ व्होल्टच्या बॅटऱ्या बऱ्याच संचांना पुरत नाहीत, माहितीपुस्तिका बघूनच टाका. बॅटरी गळली तर क्षाराची पांढरी पूड कप्प्यात जमते आणि संपर्क खाऊन टाकते. वर्षातून एकदा झाकण उघडून नुसती नजर टाकली तरी हे वेळीच कळतं. झाकणाची रबरी पट्टी त्याच वेळी पुसून पुन्हा नीट बसवा.

वाऱ्याचा सेन्सर वेगळा असून वायरने ट्रान्समीटरला, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या पेटीला, जोडलेला असेल, तर वायर ट्रान्समीटरच्या खाली एक वळसा घेऊन मग वर जोडा. पावसाचं पाणी वळशाच्या तळाशी येऊन ठिबकतं आणि जॅकमध्ये शिरत नाही. वायर खांबाला घट्ट बांधा. मोकळी वायर वाऱ्यात खांबावर आपटत राहते आणि काही महिन्यांत आतून तुटते.

पडद्यावरचे आकडे

कन्सोलवर वाऱ्याचे सहसा दोन आकडे असतात: सरासरी आणि झोत. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीत सरासरी १० मिनिटांची असते आणि झोत ३ सेकंदांचा. घरगुती संच स्वतःची वेगळीच मुदत धरतात, कित्येकदा एका मिनिटाहूनही कमी. त्यामुळे आपला 'आत्ताचा वारा' आणि बातम्यांतला वारा यांची थेट तुलना होत नाही. एककही बघून घ्या. सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर आणि १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. सेन्सर कमी दाखवतोय ही तक्रार पुष्कळदा मैल आणि किलोमीटर यांच्या गोंधळावर येऊन थांबते.

दिशेची सरासरी नेहमीसारखी काढता येत नाही. एका वाचनात ३५० अंश आणि दुसऱ्यात १० अंश, दोन्ही जवळपास उत्तरेचेच. बेरीज करून निम्मे केले तर १८० येतात, म्हणजे थेट दक्षिण! म्हणून प्रत्येक वाचनाचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन घटक करून त्यांची सरासरी घेतात आणि त्यातून पुन्हा कोन काढतात. नोंदी उतरवून स्वतःचे तक्ते करणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

वाट्यांचा एक स्वभावदोषही सांगायला हवा. झोत आला की त्या पटकन वेग घेतात, पण झोत ओसरल्यावर तेवढ्या पटकन मंदावत नाहीत. खूप झोतांच्या, खळबळणाऱ्या वाऱ्यात त्यामुळे सरासरी थोडी जास्त येते. चांगली मोकळी जागा निवडण्याचं हे आणखी एक कारण.

देखभाल

घर्षण वाढलं की आधी मंद वारा गायब होतो. जोराच्या वाऱ्याला बेअरिंगच्या अडथळ्याची पर्वा नसते. पण ताशी तीन-चार किलोमीटरच्या झुळकीत वाट्या हलवण्यापुरताच जोर असतो आणि तोही घर्षण खाऊन टाकतं. म्हणून सेन्सरची तब्येत बघायची असेल तर सर्वोच्च झोत बघू नका. शून्य वाऱ्याचे तास बघा. गेल्या वर्षी याच महिन्यात किती वेळ शून्य होतं आणि यंदा किती? तो वाटा सावकाश वाढत चालला असेल आणि ऋतू तसाच असेल, तर बेअरिंग थकलंय. पान सळसळतंय, गालाला वारा लागतोय आणि पडदा शून्य म्हणतोय, ही तर उघड खूण. फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ मध्ये आखलेल्या वाऱ्याच्या श्रेणीला आज आपण जे आकडे जोडतो, त्यांत पानं सळसळणं म्हणजे ताशी सुमारे ६ ते ११ किलोमीटर, पानं आणि बारीक काड्या सतत हलणं म्हणजे १२ ते १९, धूळ आणि कागद उडणं म्हणजे २० ते २८. सेन्सरच्या उंचीच्या झाडाकडे बघून पडद्यावरचा आकडा ताडून बघायला या श्रेणीसारखं साधन नाही.

खांब खाली घेतला की पहिली तपासणी हाताने. वारा नसलेल्या जागी वाट्या हलक्या हाताने फिरवा आणि सोडा. निरोगी बेअरिंगमध्ये त्या गुळगुळीत फिरत राहतात, हळूहळू मंदावतात आणि कुठे थांबल्या हे कळतही नाही. थकलेल्या बेअरिंगमध्ये शेवटचा भाग वेगळा असतो: वाट्या एकदम अडकल्यासारख्या थांबतात, किंवा थांबताना किंचित मागे येतात. कान जवळ न्या. वाळू घासल्यासारखी खरखर आली तर आत धूळ गेली आहे. मग आस बोटांत धरून बाजूला हलवून बघा. तो डुगडुगला तर झीज झाली आहे. नवा सेन्सर बसवण्याआधी त्याचं फिरणं मोबाइलवर चित्रित करून ठेवलं, तर पुढे तुलनेला नेमका आधार मिळतो.

तेल घालू नका. हा मोह सर्वांनाच होतो आणि दोन दिवस वाट्या छान फिरतातही. मग त्या तेलाला धूळ चिकटते, तिचा चिखल होतो आणि बेअरिंग आधीपेक्षा लवकर जातं. गंज सोडवणारे फवारे तर आतलं मूळचं वंगणही धुऊन काढतात. उत्पादकाने स्पष्ट सांगितलं असेल तरच आणि त्याने सांगितलेलंच वंगण वापरा. एरवी मऊ ब्रश, ओलं फडकं, फार तर साबणाचं फिकट पाणी, एवढंच. बेअरिंग गेलं असेल तर ते किंवा तो पूर्ण भाग बदलणं हाच इलाज.

कोळ्यांची जाळी हा सर्वांत नेहमीचा दोष आणि सर्वांत सोपा. वाट्यांखालची फट आणि बाणाखालचा कोपरा कोळ्यांना आवडतो. एकच धागा मंद वाऱ्यात वाट्या रोखायला पुरतो आणि खालून तो दिसतही नाही. त्याशिवाय आसाभोवती गुंडाळलेले केस, पतंगाची दोरी, पक्ष्यांची विष्ठा. हे सगळं ब्रशने जातं. बर्फ पडणाऱ्या भागात पाऊस गोठून वाट्या जागच्या जागी बसतात. तिथे बर्फ फोडायला जाऊ नका, वाटी तुटते. वितळू द्या आणि त्या तासांच्या नोंदीवर खूण करा, म्हणजे तो शून्य वारा पुढे कुणाला खरा वाटणार नाही.

वाट्या आसाला बहुधा एका छोट्या स्क्रूने बसवलेल्या असतात. तो ढिला झाला तर वाट्या फिरतात, आस फिरत नाही आणि आकडा अर्धवट येतो. अ‍ॅलन कीने हलकेच आवळा. प्लॅस्टिकवर जोर केला तर तडा जातो. बाण काढण्याआधी तर बाण आणि आस दोन्हींवर मार्करने एक सरळ रेघ ओढून घ्या. परत बसवताना रेघ जुळली नाही, तर उत्तर शोधण्याचं सगळं काम पुन्हा करावं लागेल. वाट्यांना उन्हाने आलेल्या केसासारख्या बारीक भेगाही याच वेळी उजेडासमोर धरून बघा. उन्हाने ठिसूळ झालेली वाटी पहिल्या मोठ्या वादळात उडते, आणि नेमका त्याच दिवसाचा वारा आपल्याला हवा असतो.

उलट दिशेचाही बिघाड असतो. सरासरी ताशी पाच किलोमीटर आणि मधेच झोत एकशे वीस, असं दिसलं तर ते वादळ नव्हे. रीड स्विचची पट्टी एका लागण्यात अनेकदा थरथरली, जॅकमध्ये ओल शिरली किंवा वायर तुटत आली, की खोट्या पल्स जमा होतात. आधी जॅक काढून कोरडा करा, वायर जागोजागी वाकवून बघा. तरी थांबलं नाही तर दोष आतल्या स्विचमध्ये आहे. दिशेतही असंच: १६ पैकी एखादी दिशा महिनोन्महिने कधीच आली नाही, तर एक स्विच मेला आहे किंवा त्या बाजूला मोठा अडथळा आहे. बाण हाताने पूर्ण गोल फिरवून प्रत्येक दिशा पडद्यावर येते का ते बघितलं की दोन्हींतलं काय ते लगेच ठरतं. संदेश पोचायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक दिशेला अर्धा मिनिट तरी थांबा.

हे सगळं वर्षातून दोनदा केलं तर पुरे, एकदा पावसाळी किंवा वादळी ऋतूच्या आधी आणि एकदा नंतर. धुळीच्या किंवा समुद्रालगतच्या जागी जास्त वेळा. मिठाच्या हवेत बेअरिंग आणि संपर्क दोन्ही लवकर जातात.

जवळच्या अधिकृत केंद्राशी तुलना करायची असेल तर ढगाळ आणि चांगला वारा असलेला दिवस निवडा. अशा दिवशी वारा मोठ्या प्रदेशावर सारखा असतो. निरभ्र आणि शांत दिवशी प्रत्येक ठिकाणचा वारा स्वतःपुरता असतो. तासाभराच्या सरासऱ्या घ्या आणि त्यांचं गुणोत्तर दिशेप्रमाणे वेगवेगळं मांडा. बहुतेक घरांत आकडा काही दिशांना अधिकृत आकड्याच्या निम्मा आणि काही दिशांना पाऊण येतो. कोणत्या बाजूला भिंत आहे आणि कोणत्या बाजूला मोकळीक, हे त्या तक्त्यात सरळ दिसतं. गुणोत्तर कमी आहे म्हणून कन्सोलमधला वाऱ्याचा गुणक वाढवू नका. भिंतीआडच्या दिशेला तो अपुरा पडेल आणि मोकळ्या दिशेला वारा नसेल तेवढा दाखवेल. हेच गुणोत्तर दरवर्षी पुन्हा काढा. सगळ्याच दिशांना ते घसरलं तर सेन्सर बघा. एकाच दिशेला घसरलं तर त्या बाजूला काय नवीन उभं राहिलंय किंवा कोणतं झाड वाढलंय ते बघा.

आणि एक वही ठेवा. सेन्सरची उंची, खांबाभोवतीचे अडथळे आणि त्यांची अंतरं, बॅटरी कधी बदलली, बेअरिंग कधी, खांब कधी हलवला. नवं बेअरिंग टाकल्यावर मंद वाऱ्याचे तास एकदम वाढलेले दिसतात. पाच वर्षांनी तो आलेख बघणाऱ्याला, मग ते तुम्ही स्वतः असाल तरी, त्या तारखेला हवामान बदललं नव्हतं हे फक्त त्या वहीतल्या एका ओळीवरूनच कळेल.